मालशिम आजीचा पहिलीचा फॉर्म

या, टेका. भिंतीकडं नको, तिकडं जमीन थंड आहे. इथं मधोमध बसा, खालची ऊब इथवरच येते. बान घराण्याचं तुम्ही माझ्याकडून पुष्कळ ऐकलंत. वादळात गेलेली होडी ऐकलीत, शिंपल्यांच्या वाफ्यांवरनं सख्ख्या भावांनी तीन वर्षं अबोला धरला तेही ऐकलंत, आणि दर वेळी डोळे पुसत घरी गेलात. आज तसं नाही. आज त्याच घरातली नव्या वर्षाची सकाळ सांगतो. हसू आलं तर दाबू नका. ज्यांच्यावर बेतली ती माणसंच ही गोष्ट निघाली की सगळ्यात मोठ्यानं हसतात.

तर सोल्लालचा सण. चांद्र वर्षाचा पहिला दिवस. मालशिम आजी पहाटेपासून स्वयंपाकघरात होती आणि तिच्या एप्रनच्या आत, पोटाशी, एक कागद होता. तीन घड्या घातलेला. दर पाच मिनिटांनी ती हात पुसायचं निमित्त करून तो जागेवर आहे का ते चाचपायची. शहात्तर वर्षांची बाई, समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जन्मभर शिंपले काढलेले, पण तो कागद बाहेर काढायचं तिचं धाडस होईना.

कागद होता गावच्या शाळेचा. इयत्ता पहिलीचा प्रवेश. नाव घालायचं होतं तिचं स्वतःचं.

त्याचं असं झालं, की गावात पोरंच उरली नव्हती. शाळेत सगळी मिळून अकरा डोकी, आणि येत्या मार्चात पहिलीत बसायला एकही नाही. पहिलीचा वर्ग रिकामा राहिला की शाळा बंदरावरच्या मोठ्या शाळेत विलीन होणार. मुख्याध्यापिका मेंग बाई दारोदार हिंडल्या. पोरं सापडेनात तेव्हा त्यांनी आज्यांना विचारायला सुरुवात केली. बाकीच्या आज्या हसल्या. मालशिम हसली नाही. तिनं विचारलं, "दप्तर मिळतं का?"

"मिळतं," मेंग बाई म्हणाल्या. "फक्त पालकाची सही पाहिजे. सण झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी यादी वर जाते. त्याच्या आत."

आता सही धाकट्या मानशिकची चालली असती. तो गावातच, त्याच घरात राहतो, शिंपल्यांचं सगळं तोच बघतो. पण मालशिमचं म्हणणं पडलं, घरात शिकलेला एकच आहे, सही त्याची. म्हणजे थोरल्या सांगबेची. सांगबेचा राजधानीत, सोलमध्ये, तीन मजली कोचिंग क्लास. हजारभर पोरं तिथं रात्रंदिवस घासत असतात. स्वतःची बायको हेजंग आणि मुलगी सोल्बी मात्र सहा वर्षं ऑकलंडला, तिकडच्या शाळेसाठी. हा इथं एकटा भात शिजवून खातो, पैसे पाठवतो, वर्षातनं दोनदा विमानानं जाऊन भेटून येतो. या सणाला सगळी एकत्र आली होती, आणि आली तीच तोंडं फुगवून.

"आई, या बाटलीवरची तारीख बघा हो," हेजंग तव्यावर माशाचे काप उलटत म्हणाली. "सोयाचा वास वेगळा येतोय."

"चष्मा न्हाय माझ्यापाशी."

"गळ्यात आहे तुमच्या."

मालशिमनं गळ्यातला चष्मा असा बघितला, जसं काही तो शेजारणीचा आहे. "ह्यो लांबचं बघायचा. बाटली जवळ हाय."

हेजंगनं बाटली हात लांब करून धरली. "आता?"

"आता माझं लक्ष न्हाय. काप करपतायत तुझे."

हा चष्म्याचा खेळ मालशिम चाळीस वर्षं खेळत होती. दवाखान्यात, बँकेत, टपालात, सगळीकडं चष्मा घरी राहिलेला. अख्ख्या गावाला वाटायचं म्हातारीचे डोळे गेले. डोळे ससाण्यासारखे होते. मुलांनी, लोकांना दाखवायला म्हणून, तीन वेळा चष्मे करून दिले, तिन्ही वेळा डॉक्टर चक्रावले. खरं काय ते दोन्ही मुलांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. सुनेला पत्ता नव्हता.

पुढच्या खोलीत वेगळीच परीक्षा चालली होती.

"तिकडच्या शाळेत या वर्षी काय काय शिकवलं?" सांगबे विचारत होता. समोर पितरांचं ताट मांडायचं मेज, त्यावर पेअर, खजूर, वाळवलेली पर्सिमॉन, आणि तो एका हातानं ती सारखी करतोय.

"वेल्डिंग," सोल्बी म्हणाली. सतरा वर्षांची, उंच, तिकडच्या उन्हानं नाक सोललेलं.

"विषय विचारला मी."

"विषयच आहे तो, बाबा. होडीचा सांगाडा जोडला आम्ही. मला चांगले मार्क पडले."

सांगबेनं खजुराचा ढीग पाडला. "मानशिक, ऐकतोयस का? मी तीन मजले चढतो-उतरतो, आणि ही तिकडं होड्या डागते."

मानशिक दारात बसून पेअरची साल काढत होता. "आमची पण एक गळतीय, दादा. हिला इथंच ठेव."

"तू गप बस. मार्चात ही सोलला येतेय. सकाळी सहा ते रात्री अकरा, मी वेळापत्रक केलंय. जेवायला पंधरा मिनिटं ठेवलीत."

"दोन्ही वेळची मिळून?" सोल्बीनं विचारलं.

मालशिम आतनं हे ऐकत होती. तिच्या ध्यानात आलं की वेळ चुकीची आहे. पण चांगली वेळ त्या घरात कधी यायची हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती हात पुसत बाहेर आली.

सांगबे आता वडिलांच्या नावाचा कागद लिहायला बसला होता. पितरांचं पान वाढायचं तर मागं पांढऱ्या पट्टीवर गेलेल्या माणसाचं नाव लिहून उभं करावं लागतं. ते थोरल्या मुलाचं काम, जुन्या चिनी अक्षरांत, शाईनं, श्वास धरून. आजकाल लोक छापील आणतात. सांगबे छापील आणत नसे. एवढ्या एका बाबतीत त्याला मान द्यायला पाहिजे.

"सांगबे, त्या शाईत अजून एक सही करून टाक," मालशिमनं घड्या उलगडून कागद त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

त्यानं वाचलं. "प्राथमिक शाळा. इयत्ता पहिली. विद्यार्थ्याचं नाव, यांग मालशिम." तो हसला. "यांनी चूक केली. पालकाच्या जागी विद्यार्थी आणि..."

"चूक न्हाय."

सांगबेनं ब्रश खाली ठेवला. मानशिकची साल तुटली, तुकडा मांडीवर पडला.

"आई, तू पहिलीत बसणार?"

"बसणार. मेंग बाई म्हणाल्या बाक मोठा देऊ."

"आणि टीव्हीवाले येतील. येतातच, अशा गोष्टीला. माझी आई कॅमेऱ्यासमोर 'क'ला काना शिकतेय, आणि सोलमध्ये माझ्या क्लासच्या दारावर काय लिहिलंय ठाऊक आहे तुला?"

"मला कुठनं ठाऊक असणार?" मालशिम म्हणाली. "वाचता कुठं येतंय."

 उत्तर मानशिकनंच दिलं, अगदी सालीकडं बघत. "दारावर लिवलंय, की सरांच्या आईनं दिव्याच्या उजेडात रोज पुस्तक वाचून दाखवलं, म्हणून सर घडले. फोटो बी हाय तुझा."

"खोटं नाही ते," सांगबे म्हणाला. "वाचून दाखवलंसच तू. खेकड्याच्या लग्नाची गोष्ट. मला अजून पाठ आहे."

"आरं, ते गणिताचं पुस्तक हुतं," मालशिम म्हणाली. "पान उलटायचे, गोष्ट माझी सांगायचे. तू पहिलीत गेलास नि मास्तरांशी भांडलास की पुस्तकात खेकड्याची वरात का न्हाय. मार खाऊन आलास. त्या दिवसापासनं माझ्या पोटात हाय ते."

सोल्बी हसायला लागली आणि थांबली, कारण तिची आई चाळणी हातात घेऊन दारात उभी होती.

"आईंना वाचता येत नाही?" हेजंगनं विचारलं.

सांगबे ब्रश पुसायला लागला.

"सहा वर्षं मी दर महिन्याला ऑकलंडहून पत्र लिहिलं," हेजंग हळूहळू म्हणाली. "चार-चार पानं. फक्त आईंसाठी म्हणून. मनातलं सगळं. ती कोण वाचत होतं?"

मानशिकनं उरलेला पेअर बारीक निरखायला सुरुवात केली.

"भाऊजी."

"अक्षर सुरेख हाय तुमचं, वहिनी."

"ते घोरण्याबद्दलचं पान?"

"ते आईनं दोनदा वाचायला लावलं."

सांगबेनं मान वर केली. "कुणाचं घोरणं?"

हेजंगचे कान लाल झाले होते, पण बाई हुशार. तिनं ताबडतोब तोफ फिरवली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला तिकडं सांगायचात, आईला पत्र टाक, तिला वाचायला आवडतं. वीस वर्षं माझी टर उडवलीत तुम्ही."

"टर नाही, लाज वाटते म्हणून..."

"कुणाची?" मालशिमनं विचारलं.

 सांगबेनं फॉर्म उचलला, पहिल्यासारख्या तीन घड्या घातल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात कोंबला. "आधी बाबांचं पान वाढू. देवाधर्माच्या वेळी भांडण नको. नंतर बघू."

त्या घरात 'नंतर बघू'चा अर्थ काय होतो, ते मालशिमला तीस वर्षांच्या अनुभवानं पाठ होतं. ती वळून सूप ढवळायला गेली.

तरी पान वाढलं गेलं. सूप आलं, मासा आला, तांदळाची दारू ओतली. पट्टी उभी राहिली. मुलगे दोनदा वाकले, कपाळ जमिनीला टेकवून. मालशिम मागं उभी राहून नेहमीसारखी त्या काळ्या अक्षरांकडं बघत राहिली. एकोणीस वर्षं ती त्या कागदाला नमस्कार घालत होती. तिला वाटायचं त्याच्यावर नवऱ्याचं नाव असणार, बान दोक्पाल. दुसरं काय असणार?

पितरांचं जेवण झालं की तो कागद अंगणात नेऊन जाळायचा. म्हणजे आत्मा आला तसा गेला. सांगबेनं पट्टी काढली, घडी घातली. बाहेर समुद्राचा वारा असा सुटला होता की हातातला कागद कुंपणापार जाता. म्हणून त्यानं तो कोटात ठेवला आणि लायटर शोधत पर्सिमॉनच्या झाडाखाली गेला. डोकं ठिकाणावर नव्हतंच. आईची टीव्हीवरची मुलाखत त्याला दिसत होती आणि स्वतःचं घोरणं त्याला ऐकू येत होतं. आडोसा केला, खिशातला कागद काढला, पेटवला, राख उडाल्यावर वाकून नमस्कार केला आणि थंडीनं कुडकुडत आत आला.

वाट्या भरल्या. तांदळाच्या चकत्यांचं गरम सूप. ते प्यालं की माणूस एका वर्षानं मोठा होतो, असं आम्ही मानतो. मालशिमनं चमचा उचललाच नाही.

"पी की गं आजी," सोल्बी म्हणाली.

"न्हाय पीत. पहिलीसाठी वय आधीच जास्त झालंय."

तेवढ्यात दारात मेंग बाई. हातात पेअरचं खोकं, नव्या वर्षाचा नमस्कार करायला आलेल्या. चौपन्न वर्षांच्या. लहानानं मोठ्याला नमस्कार करायचा म्हणून त्या मालशिमपुढं गुडघे टेकून वाकायला लागल्या.

"असं कसं?" मालशिम उठली. "बाई तुम्ही. इद्यार्थ्यानं आधी वाकायचं."

"शाळा मार्चात सुरू. आज तुम्ही वडीलधाऱ्या."

"आणि तुम्ही बाई."

दोघी एकदमच वाकल्या. डोकी चार बोटांनी वाचली. मानशिकनं मधे उशी सरकवली, उशिराच.

"ते राहू दे," मेंग बाई हसत सावरल्या. "फॉर्म तयार असेल तर आत्ताच नेते. घरी संगणक आहे, आज रात्रीच पाठवून देते. उद्या-परवाचा भरवसा नाही, वरच्या साहेबांना शाळा बंद करायची घाई आहे."

सगळ्यांनी सांगबेकडं बघितलं. सांगबेनं सूप गिळलं. परक्या बाईसमोर भांडण करायचं नाही एवढं सोलमध्ये राहून त्याला कळत होतं. त्यानं ठरवलं, बिनसहीचा फॉर्म देऊन टाकायचा. बिनसहीचा तो नाकारतीलच, आणि दोष सरकारचा. त्यानं खिशातला कागद काढून बाईंच्या हातात ठेवला.

मेंग बाईंनी घडी उलगडली. बघितलं. पुन्हा बघितलं. मग चटकन दोन्ही गुडघ्यांवर आल्या आणि कागद दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलला.

"हे तर तुमचे वडील आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

सांगबेच्या हातातला चमचा वाटीत बुडाला तो बुडालाच.

"बाबा?" मानशिकनं वाकून बघितलं. "दादा, बाबा अजून इथंच हायत?"

"मग तू बाहेर जाळलंस काय?" हेजंगनं विचारलं.

हे विचारायची गरज नव्हती. सांगबे पांढराफटक पडला होता. थोरला मुलगा. आयुष्यात पितरांच्या पानात माशाचं तोंड कधी उलटं पडू दिलं नाही त्यानं. आणि आता बापाला खिशात घालून तो जेवायला बसला होता.

"म्हंजे माझा फॉर्म वर गेला?" मालशिमनं विचारलं.

सांगबेचा हात रिकाम्या खिशाकडं गेला.

"चांगलं झालं. तुझ्या बापाला घातलंस पहिलीत. अडाणीच गेला बिचारा, आता तिथं शिकंल."

सोल्बीनं तोंडावर उशी दाबली. मानशिकचे खांदे हलायला लागले. सांगबे काही हसला नाही, तो पुटपुटत होता, "माफ कर, आई, माफ कर."

मेंग बाईंनी तो कागद स्वच्छ रुमालावर ठेवला. त्यांना वाटलं विषय बदलावा. म्हणून सहज म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे हो. विद्यार्थी हा शब्द तर किती रेखीव काढलाय."

"कुठला शब्द?" मालशिम म्हणाली.

"विद्यार्थी. हे बघा, इथं."

"माझ्या नवऱ्याच्या कागदावर?"

बाईंनी सांगबेकडं बघितलं. सांगबेला सांगावंच लागलं. "तशी रीत आहे, आई. ज्यानं सरकारात पद भूषवलं त्याचं पद लिहायचं. ज्याला कसलंच पद नव्हतं, त्याला विद्यार्थी लिहितात. जुन्या काळापासनं. सगळ्यांच्याच घरी."

"तुझा बाप शाळेच्या दारातनं कधी आत गेला न्हाय."

"हो, पण..."

"पावसात एकदा वळचणीला उभा राहिलेला, तेवढाच. आणि तू एकोणीस वर्षं त्याला इद्यार्थी लिवतोयस, आन मी खाली डोकं टेकवतीय."

मालशिम हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. घरातली सगळी तिच्याबरोबर हसली, सांगबेसुद्धा जरासा. मग ती थांबली आणि तिनं पदराच्या जागी एप्रननं डोळे पुसले.

"आणि मी गेल्यावर माझ्या कागदावर काय लिवशील?"

सांगबेनं खाली बघितलं. "बायकांसाठी वेगळा शब्द असतो. मानाचाच आहे. म्हणजे... अमक्यांच्या कुटुंबातल्या बाईसाहेब, असा."

"इद्यार्थी न्हाय?"

"नाही."

"म्हंजे मेल्यावर बी मला शाळेत घेत न्हाईत."

ती हे रडून म्हणाली नाही. बाजारात मासळीचा भाव ऐकून म्हणावं तसं म्हणाली.  सुपातल्या चकत्या फुगत बसल्या. सांगबे त्या रुमालावरच्या कागदाकडं बघत होता. दरवर्षी श्वास धरून लिहिलेला शब्द. त्याच्या क्लासच्या तिन्ही मजल्यांवर मिळून असा एक विद्यार्थी नव्हता ज्यानं कधी स्वतःहून विचारलं असेल, मला बसू द्या म्हणून.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "दुसरा फॉर्म आहे?"

"एकच होता. पण कोऱ्या कागदावर चालेल. रकाने पाडा हातानं."

शाई अजून ओली होती. सांगबेनं ब्रश घेतला. आणि इतका वेळ ज्या म्हातारीला पालक मिळत नव्हता, तिचे एकदम सगळेच पालक व्हायला निघाले.

"आईंचा अभ्यास मी घेईन," हेजंग चाळणी टाकून पुढं सरकली. सहा वर्षं एका मुलीचा अभ्यास घेतला होता आणि ती मुलगी होड्या डागायला लागली होती. बाईच्या हाताला काम नव्हतं. "सकाळी पाच ते सहा अक्षरं. सहा ते सात पाढे. मी रोज व्हिडिओवर तपासेन. एक तास इंग्रजी."

"पाचला मी पाण्यात असते."

"मग भरती-ओहोटीचा तक्ता द्या मला, त्याप्रमाणं बसवते."

"वहिनी, तिला चित्रकला पण लागंल," मानशिक म्हणाला.

"तू नको शिकवूस," सांगबे म्हणाला. "आई, क्लासमधल्या एका चांगल्या मुलीला मी महिन्यातनं दोनदा इकडं..."

"ट्यूशन न्हाय," मालशिम म्हणाली. "ज्या पोरानं ट्यूशन लावली ते शाळेत झोपतं. मेंग बाईच म्हणाल्या."

मेंग बाई छताकडं बघायला लागल्या. समोर तीन मजली क्लासचा मालक बसलेला.

रकाने भरू लागले. नाव. जन्मतारीख. याआधीची बालवाडी. सांगबे अडला.

"समुद्र लिव," मालशिम म्हणाली.

लसी टोचल्या आहेत का. "धनुर्वाताची हाय," मानशिकनं सांगितलं. "शिंपलं लागलं तवा." पालकाचं विद्यार्थ्याशी नातं. सांगबेनं लिहिलं, मुलगा, आणि स्वतःच त्या शब्दाकडं जरा वेळ बघत राहिला. मग शेवटचा रकाना आला. पालकाची अपेक्षा, विद्यार्थ्यानं पुढं काय व्हावं.

असले रकाने त्यानं लोकांकडनं हजारांनी भरून घेतले होते. आयांना सांगायचा, संकोच करू नका, मोठं लिहा. ब्रश हवेत राहिला. एक थेंब खाली पडला.

"तुला काय व्हायचंय, आई?"

मालशिमनं मान डावीकडं कलती करून विचार केला. "दुसरीत जायचंय."

त्यानं रकान्यात लिहिलं, हळूहळू, बारीक अक्षरांत. पोटभर जेवावं, पुरेशी झोप घ्यावी, अंधार पडायच्या आत घरी यावं.

सोल्बी त्याच्या खांद्यावरनं वाचत होती. "बाबा," तिनं विचारलं, "माझ्या फॉर्मवर काय लिहिलं होतंत?"

 सांगबेला आठवत होतं काय लिहिलं होतं ते. एकच शब्द होता, पेशाचा, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यानं ब्रश धुतला, गरजेपेक्षा जास्त वेळ धुतला. मग सोल्बीकडं न बघताच म्हणाला, "त्या होडीचा फोटो आहे का तुझ्याकडं?"

"आहे."

"जेवण झाल्यावर दाखव. वेळापत्रकाचं... नंतर बघू."

विद्यार्थ्याची सही तेवढी राहिली. मानशिक शाईचा डबा अंगठ्यासाठी पुढं करायला गेला, मालशिमनं त्याचा हात बाजूला सारला आणि ब्रश मागितला. तिच्या नावातली तीन अक्षरं मेंग बाईंनी वेगळ्या कागदावर काढून दिली. ती बघून बघून तिनं लिहिली. पहिलं अक्षर सहीच्या रकान्यात सुरू झालं, तिसरं लसीच्या रकान्यात संपलं. अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कुणी खोकललं नाही, सूप खळ होऊन बसलं, आणि सांगबे, जो पोरांना प्रश्नाला चाळीस सेकंद देतो, तो मांडी घालून बसून राहिला.

मग सगळी अंगणात गेली, बापाला निरोप द्यायला. लायटर पेटवण्याआधी कागद सांगबेनं वाचला, मग मानशिकनं वाचला, मग मेंग बाईंकडनं वाचून घेतला. हेजंगनं दुसरा कागद, पहिलीचा, दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, वाऱ्याकडं पाठ करून. राख वर गेली. मालशिम बघत होती.

"तिथं गेल्यावर बसा गप," तिनं राखेला सांगितलं, "मी गृहपाठ करून येते."

मार्चात शाळा उघडली. टीव्हीवाले आले, सांगबे सोलहून कोट घालून पालक म्हणून आला आणि मुलाखतीत रडला, पण ते मोठं प्रकरण आहे. माझं तुमच्याकडं आज एवढंच मागणं. कधी त्या बंदराकडं गेलात आणि बसथांब्यावर पाठीला दप्तर लावलेली एक म्हातारी दिसली, बस येऊन उभी आहे आणि ती पुढच्या पाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर जुळवतेय, तर तिला मदत करायला जाऊ नका. गाडी कुठं जाते ते सांगू नका. फक्त ड्रायव्हरच्या खिडकीशी जा आणि त्याला म्हणा, मिनिटभर थांब रे बाबा, तिचं वाचून होऊ दे.